सगळ्यांनी एकदम नळ सोडले की

मिरजेला मामांकडे गेले होते, तेव्हा त्यांनी लॅपटॉपचं गाऱ्हाणं मांडलं. निवृत्तीनंतर ते सोसायटीचे हिशेब बघतात. "अगं, बटण दाबतो आणि दूध तापवायला जातो. दूध तापतं, साय धरते, तरी याचं ते गोल गोल फिरणं चालूच." गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं 'फॉरमॅट मारू' असं सुचवलं होतं. मामांचं स्वतःचं निदान वेगळं होतं : यंत्र म्हातारं झालं.

दोघांचंही ऐकायच्या आधी मी मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. बटण दाबल्यापासून मोजायचं, आणि डेस्कटॉप दिसला म्हणून थांबवायचं नाही, कारण डेस्कटॉप दिसणं म्हणजे यंत्र तयार होणं नव्हे. रोजच्या कामाची फाइल उघडून तिच्यात एक अक्षर टंकता आलं की थांबवा. मामांच्या लॅपटॉपला ६ मिनिटं ४० सेकंद लागली. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. नंतर 'जरा बरं वाटतंय' असल्या भासावर विसंबायची पाळी येत नाही.

आता हा वेळ जातो कुठे, ते बघू. जुन्या वाड्यात सकाळी पाणी आलं की सगळी बिऱ्हाडं एकदम नळ सोडतात आणि प्रत्येकाच्या बादलीत करंगळीएवढी धार पडते. टाकीत पाणी भरपूर असतं, पण नळी एकच. संगणकात ती नळी म्हणजे डिस्क. तुम्ही पासवर्ड टाकला की विंडोज स्वतःचं सामान मांडत असतं, आणि त्याच क्षणी पंधरावीस प्रोग्राम 'मलाही वाचायचंय' म्हणून डिस्कपुढे उभे राहतात. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद वाचणाऱ्या दांड्याखाली येईपर्यंत थांबायचं, त्याआधी दांडा त्या जागी न्यायचा. अशी विखुरलेली ठिकाणं तिला सेकंदाला शंभरही गाठता येत नाहीत. वीस जणांच्या फायली वीस कोपऱ्यांत असतील तर तिचा सगळा वेळ धावाधावीत जातो आणि वाचन थोडंच होतं. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये फिरतं काही नसल्यानं तिला ही झुंबड तितकी जाणवत नाही, पण मेमरी आणि प्रोसेसरवरचा भार तिथेही पडतोच.

यातले बहुतेक प्रोग्राम तुम्ही बोलावलेले नसतात. कधीतरी काहीतरी इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलात, तेव्हा त्यांनी स्वतःची नोंद करून घेतली.

यादी उघडा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये तो कधीकधी छोट्या रूपात उघडतो. तसं झालं तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा आणि वरच्या पट्टीतलं 'स्टार्टअप' निवडा. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या उभ्या पट्टीत 'स्टार्टअप अ‍ॅप्स' आहे. ही सोय टास्क मॅनेजरमध्ये विंडोज ८ पासून आली. त्याआधी तिच्यासाठी वेगळं साधन उघडावं लागे, म्हणून जुने जाणकार अजूनही तिकडेच बोट दाखवतात.

यादीत नावापुढे कंपनी, मग स्थिती आणि शेवटी 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा रकाना असतो. तिथला 'हाय', 'मीडियम', 'लो' हा शेरा कुणाच्या मतानं दिलेला नाही. सुरू होताना प्रोग्रामनं प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त देवघेव केली, तर 'हाय'. ३०० मिलिसेकंद ते १ सेकंद किंवा ३०० केबी ते ३ एमबी, तर 'मीडियम'. त्याहून कमी ते 'लो'. 'नॉट मेजर्ड' म्हणजे अजून मोजलेलं नाही, निरुपद्रवी असा त्याचा अर्थ नाही. इम्पॅक्टच्या मथळ्यावर टिचकी मारली की मोठे खादाड वर येतात.

कुठलाही प्रोग्राम निवडून 'डिसेबल' दाबलं की तो पुढच्या वेळेपासून आपणहून उठणार नाही, एवढंच होतं. तो संगणकावरून निघून जात नाही. त्याच्या चिन्हावर टिचकी मारलीत की पूर्वीसारखाच उघडतो. लोक या बटणाला घाबरतात ते 'डिसेबल' आणि 'अनइन्स्टॉल' यांत गल्लत झाल्यामुळे. चुकलं तर त्याच जागी 'एनेबल' आहे.

मामांच्या यादीत २३ नोंदी होत्या, त्यांतल्या १९ चालू. दोन वेगवेगळ्या प्रिंटरचे निरीक्षक होते आणि त्यांतला एक प्रिंटर मामांनी केव्हाच भंगारात दिलेला. गाण्यांचं एक अ‍ॅप होतं, ते नातवानं दिवाळीच्या सुट्टीत टाकलेलं. मीटिंगची दोन अ‍ॅप्स, तीन 'अपडेटर' आणि मुदत संपलेला चाचणी अँटिव्हायरस. तो रोज सकाळी पैसे मागायचा आणि मामा रोज त्याला 'नंतर' म्हणायचे.

काय बंद करावं? माझा नियम सोपा आहे : ज्याची गरज तुम्हाला ठरावीक वेळीच पडते आणि जे तुम्ही स्वतः उघडू शकता, त्यानं पहाटेपासून दारात बसायचं कारण नाही. गाणी, खेळ, मीटिंगची अ‍ॅप्स, मोबाइल जोडायचे प्रोग्राम आणि प्रिंटरची शाई दाखवणारे निरीक्षक या नियमात बसतात. निरीक्षक बंद केला म्हणून छपाई सहसा अडत नाही, ती ड्रायव्हरच्या जोरावर चालते. स्कॅनरचं बटण दाबून थेट स्कॅन करत असाल तर मात्र त्याच्या प्रोग्रामला हात लावण्याआधी एकदा तपासा. अपडेटरबद्दल थोडं जपून सांगते. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामचा अपडेटर सुरुवातीच्या यादीतून काढला तर तो प्रोग्राम अधूनमधून स्वतः उघडून 'चेक फॉर अपडेट्स' दाबायचं काम तुमच्याकडे येतं. ते करणार नसाल तर राहू द्या.

वनड्राइव्हपाशी थांबा. बऱ्याच लॅपटॉपांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेले असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. वनड्राइव्ह सुरू झालं नाही तर नव्या फायलींची प्रत वर जाणं थांबतं. फायली बिघडत नाहीत, पण 'आपली प्रत सुरक्षित आहे' या समजुतीत तुम्ही राहाल आणि प्रत नसेल. आधी फायली कुठे ठेवल्या आहेत ते पाहा, मग ठरवा.

काय ठेवावं? टचपॅड, आवाज, ग्राफिक्स अशा यंत्राच्या अवयवांशी बांधलेल्या नोंदी. त्या बंद केल्या तर यंत्र बंद पडणार नाही, पण दोन बोटांनी पान सरकवणं किंवा हेडफोन ओळखणं अशी एखादी सवयीची गोष्ट गायब होईल आणि तुम्ही आठवडाभर कारण शोधत बसाल. 'विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन' नावाची नोंदही राहू द्या. ती फक्त कोपऱ्यातल्या ढालीची आहे, संरक्षण त्यामागे वेगळं चालतं. पण धोक्याची खूण नजरेसमोर असलेली बरी. अँटिव्हायरस नको असेल तर तो यादीतून नुसता दडवू नका, सेटिंग्जमधून पुरता काढून टाका. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर कामाला लागतो. मामांच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक याच एका कृतीनं पडला.

दुकान, कार्यालय, सेवा केंद्र

घरच्या लॅपटॉपवर चूक झाली तर गाणं उशिरा लागेल, फार तर एवढंच. पण हाच लेख वाचून कुणी आपले सरकार सेवा केंद्रातल्या किंवा करसल्लागाराच्या कार्यालयातल्या संगणकावर सपासप डिसेबल करत सुटलं तर दुसऱ्या दिवशी रांग खोळंबेल. तिथे काही प्रोग्राम खरोखरच सकाळपासून जागे असावे लागतात. आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस' त्यांतली पहिली. ती झोपली की यंत्राचा दिवा लागतो, पण पोर्टल म्हणतं यंत्रच सापडत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम दुसरा. जीएसटी किंवा ई-निविदेच्या वेळी ब्राउझरशी बोलून सही पोचवणारा छोटा दुवा तिसरा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारी सर्व्हिसही इथेच धरा, विशेषतः एका यंत्रावरचा परवाना बाकीची यंत्रं वापरत असतील तर. अशा ठिकाणी नावं कागदावर उतरवून घ्या, ज्याचं काम कळत नाही त्याला हात लावू नका, आणि हा उद्योग शनिवारी संध्याकाळी करा, सोमवारी सकाळी नको.

मराठी टंकनाचे प्रोग्रामही कार्यालयांत हटकून सापडतात, कधीकधी दोन-दोन. छापखान्यात आणि जुन्या फॉन्टमधल्या मजकुरावर काम करणाऱ्यांना श्रीलिपी किंवा आयएसएम लागतंच, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण केवळ युनिकोडमध्ये पत्रं लिहायला वेगळा प्रोग्राम रोज उठवण्याची गरज आता उरलेली नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये होतंच, आणि मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून उच्चारानुसार टंकायचा मराठी कीबोर्डही आत आला आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की तो निवडता येतो.

एका दमात सगळं करू नका. दोन-तीन नोंदी बंद करा, यंत्र पुन्हा सुरू करा, दिवसभर वापरा, मग पुढच्या घ्या. काही अडलं तर दोषी या तिघांतलाच असणार, हे त्यामुळे कळतं. आणि 'पुन्हा सुरू करा' म्हणजे 'रीस्टार्ट'. 'शट डाउन' करून बटण दाबणं म्हणजे तेच नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक युक्ती आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि उद्या तिथूनच उचलला जातो. ताजी सुरुवात होते ती रीस्टार्टनं. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री इमानेइतबारे लॅपटॉप बंद करणाऱ्या मामांना तिथे ४१ दिवस दिसले, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मोजतानाही तुलना सारख्याशी सारख्याची करा : आधीचा आकडा शट डाउननंतरचा असेल तर नंतरचाही तसाच घ्या.

बंद केलेलं परत उठतं तेव्हा

काही प्रोग्राम चिवट असतात. आज डिसेबल केले, महिन्याभरानं अपडेट आलं आणि पुन्हा यादीत हजर. अशा वेळी त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'सुरुवातीला आपोआप उघड' अशा अर्थाची खूण काढा. ब्राउझर तर यादीत न दिसताही जागे राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात ब्राउझर बंद केल्यावरही मागे अ‍ॅप्स चालू ठेवण्याची परवानगी असते. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आहे. कमी मेमरीच्या यंत्रावर दोन्ही बंद केलेली बरी. विंडोजच्या 'अकाउंट्स'मध्ये 'साइन-इन ऑप्शन्स'खाली आणखी एक खूण आहे : बाहेर पडताना उघडी असलेली अ‍ॅप्स लक्षात ठेवून पुढच्या वेळी परत उघडायची. स्टार्टअपची यादी स्वच्छ, तरी सकाळी कालचाच पसारा समोर येतो, त्यामागे बहुधा हीच असते.

स्टार्टअप फोल्डर हाही एक जुना दरवाजा आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजी अक्षरांत शेल, त्याला लागून कोलन, म्हणजे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबं, आणि लगेच स्टार्टअप असं मध्ये जागा न सोडता टंका. जो फोल्डर उघडेल त्यातले शॉर्टकट दर साइन-इनला चालतात. याचा उलटा उपयोगही करता येतो. रोज सकाळी हिशेबाची तीच एक फाइल उघडत असाल तर तिचा शॉर्टकट तिथे ठेवून द्या.

याहून खोल उतरायचं असेल तर 'ऑटोरन्स' हे मोफत साधन आहे. ते सिसइंटर्नल्सचं, आणि सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. रजिस्ट्रीतल्या नोंदी, शेड्युलरमधली कामं, सर्व्हिसेस असं जिथून जिथून काही आपोआप उठू शकतं ते सगळं ते एका जागी दाखवतं. यादी बघून छाती दडपते, म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडा. आणि नोंद पुसू नका, तिच्यापुढची खूण फक्त काढा. ज्यांना टास्क मॅनेजरनं समाधान झालं त्यांनी इकडे फिरकायची गरज नाही.

यूट्यूबवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या काही 'युक्त्यां'बद्दल बोलायलाच हवं, कारण मामांच्या त्यांतल्या दोन करून झाल्या होत्या. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या चारवर लावा, वेग वाढेल, अशी एक आहे. वाढत नाही. विंडोज मुळातच सगळे प्रोसेसर वापरतं, ती जागा चाचणीसाठी संख्या कमी करायची आहे. आठ गाभ्यांच्या यंत्रावर तिथे चार लिहिलंत तर अर्धं यंत्र तुम्ही स्वतःच्या हातानं झोपवलंत. दुसरी, 'प्रीफेच' फोल्डर रिकामा करा. प्रोग्राम सुरू होताना कोणत्या फायली लागतात याच्या विंडोजनं ठेवलेल्या टिपा त्यात असतात. त्या पुसल्या की पुढची सुरुवात उलट मंदावते आणि विंडोज पुन्हा टिपा काढायला बसतं. तिसरी, एका टिचकीत वेग वाढवणारे 'बूस्टर' आणि 'क्लीनर'. असला बूस्टर इन्स्टॉल करून स्टार्टअपची यादी उघडा, बऱ्याचदा तो स्वतःच तिथे ठाण मांडून बसलेला सापडतो.

एवढं करूनही गाडी हलत नसेल तर कारण दुसरीकडे आहे. स्टार्टअपच्या पानावर वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंदांचा आकडा असतो. तो विंडोजच्या हाती सूत्रं येण्याआधीचा वेळ. तिथेच बराच वेळ जात असेल तर प्रोग्राम बंद करून काही साधणार नाही. एखादा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क कायम लावलेली असेल तर ती काढून एकदा बघा. मग 'परफॉर्मन्स'मध्ये जा. डिस्क दहा मिनिटांनंतरही १०० टक्क्यांवर आणि तिच्यापुढे 'एचडीडी' लिहिलेलं असेल, तर पैसे खर्च करण्याची खरी जागा तीच. जुन्या लॅपटॉपांतल्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी त्याच मापाची साटा एसएसडी बसते आणि आहे ते सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवूनही घेता येतं. मेमरी ४ जीबी असेल आणि ती सतत काठोकाठ भरत असेल तर ८ जीबी करता येते का ते विचारा. काही पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच जोडलेली असते, तिथे इलाज नाही. यंत्र विंडोज १० वर असेल तर आणखी एक हिशेब करावा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे जुन्या यंत्रात नवा भाग घालायच्या आधी त्यावर पुढे काय चालवणार हे ठरवा.

मॅक वापरणाऱ्यांना यातलं फारसं काही लागत नाही. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, लॉगिन आयटम्स या वाटेनं गेलं की तिथेही अशीच यादी आहे.

मामांच्या लॅपटॉपवर १९ पैकी ६ नोंदी उरल्या. वेळ ६ मिनिटं ४० सेकंदांवरून २ मिनिटं ५० सेकंदांवर आला, एक रुपया न खर्चता आणि काहीही न फॉरमॅट करता. उरलेला वेळ त्या फिरत्या डिस्कचा आहे. तिचं काय करायचं ते मामा पेन्शन झाल्यावर ठरवणार आहेत.

निघण्यापूर्वी एक काम केलं. त्यांच्या यंत्रावर विंडोज ११ आहे, म्हणून 'सिस्टिम'मधल्या 'नोटिफिकेशन्स'च्या यादीत 'स्टार्टअप अ‍ॅप नोटिफिकेशन' चालू करून दिलं. एखादं अ‍ॅप गुपचूप स्टार्टअपमध्ये नाव घालायला गेलं की ते कोपऱ्यात सांगतं. पाचव्या दिवशी मामांचा फोन आला : "अगं, ते पीडीएफवालं परत आलंय दारात. काढू का?"